‘मॅडम, नाडी मोजता येत नाहीये’

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाची लय बेताल होण्याच्या दुखण्याचा) ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं ‘धडधडतं, भीती वाटते’ अशी आहेत आणि निम्मी ‘काहीच त्रास नाही, मग गोळ्या कशाला’ अशी. दोन्ही बाजूंनी त्रासावरून धोका मोजलाय, आणि या दुखण्यात नेमकं तेच चालत नाही.

हे मी नुसती डॉक्टर म्हणून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी वॉर्डात एका नव्या इंटर्नला नाडी बघायला शिकवत होते. पेशंटला नुकती झोप लागली होती, म्हणून माझाच हात तिच्यापुढे केला. तिने तीन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघत मोजायला लागली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, परत थांबली. शेवटी चोरट्या आवाजात म्हणाली, ‘मॅडम, नाडी मोजता येत नाहीये.’ मी वर तिलाच ऐकवलं, बोटं नीट ठेव म्हणून! मग स्वतः हात लावला आणि गप्प झाले. पोरीचं बरोबर होतं. दोन आठवडे जिना चढताना लागणारी धाप मी जागरणांच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते.

प्रश्न : माझं वय ६१. घरच्या रक्तदाबाच्या यंत्रावर अधूनमधून हृदयाचं चित्र लुकलुकतं. कधीकधी छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी थांबतं. ईसीजी काढला तर नॉर्मल आला. आता हे विसरून जाऊ का?

उत्तर : विसरू नका. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे तो काढला त्या दहा-बारा सेकंदांत नॉर्मल होता, एवढाच त्याचा अर्थ. चोर येऊन गेल्यावर काढलेला फोटो आहे तो.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका आहे. एरवी तो मिनिटाला ६० ते १०० वेळा हुकूम सोडतो आणि सगळे कप्पे ओळीने आकुंचन पावतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये त्याचं कुणी ऐकत नाही. वरच्या दोन्ही कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विद्युतसंदेश सैरावैरा फिरत राहतात. इतक्या वेगाने कप्पा आकुंचन पावू शकत नाही, तो नुसता थरथरतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक चौकी आहे म्हणून आपण वाचतो. ती यातले बरेचसे संदेश अडवते, पण ज्यांना सोडते त्यांना कसलाही क्रम नसतो. त्यामुळे खालचे कप्पे वेगाने तर चालतातच, वर बेताल चालतात.

हे बोटाला कसं लागतं ते शिकून घ्या. तळहात वर करा, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं हलकेच टेकवा. दाबू नका. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. चार ठोके सरळ, एक चुकला, पुन्हा चार सरळ, असं असेल तर बहुतेक वेळा तो मधेच घुसलेला जास्तीचा ठोका असतो आणि तो निरोगी माणसालाही येतो. एट्रियल फिब्रिलेशनची नाडी वेगळी. पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळतात ना, दोन लगेच, मग एक उशिरा, मग तीन घाईने, तशी. पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि एक ठोका जोरकस तर पुढचा जेमतेम लागणारा. माझ्या इंटर्नचा आकडा लागत नव्हता तो याचमुळे.

यंत्रावरचं ते चित्र ‘ठोके अनियमित वाटले’ इतकंच सांगतं, निदान करत नाही. पण ते पुन्हापुन्हा येतंय आणि तुम्हाला फडफडही जाणवते, म्हणजे शोध अर्धवट राहिलाय. डॉक्टरांना २४ तासांच्या होल्टरबद्दल (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्राबद्दल) विचारा. फडफड आठवड्यातून एखाद्याच वेळी होत असेल तर एक दिवसाच्या होल्टरच्या हाती काही लागायचं नाही, जास्त दिवस चिकटवून ठेवायचा पॅच मागा. सोबत थायरॉइडची रक्ततपासणी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. थायरॉइड का, तर ती ग्रंथी जादा काम करायला लागली की हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) १९९१च्या मे महिन्यात धावायला गेले असताना त्यांना धाप लागली, तपासणीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं आणि त्याचं मूळ थायरॉइडमध्ये सापडलं. मूळ सापडणं हे नशीब, सगळ्यांचं सापडत नाही.

आणि हो, लय बिघडलेली असताना रक्तदाबाचा एकच आकडा धरून बसू नका. तीनदा मोजा, सरासरी काढा.

प्रश्न : बाबांचं वय ७४. मधुमेह आणि रक्तदाब आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी (अ‍ॅपिक्साबान, दिवसातून दोनदा) लिहून दिली. बाबा म्हणतात, मला काही होत नाही, मी घेणार नाही. त्यांच्या मित्राने सांगितलंय की हे उंदीर मारायचं औषध आहे, त्यापेक्षा ॲस्पिरिन घे. शिवाय ते पडले तर रक्तस्राव होईल, ही आम्हालाही भीती आहे.

उत्तर : हे पत्र बाबांना वाचून दाखवा, कारण मी त्यांच्याशीच बोलणार आहे.

बाबा, तुमचे मित्र हवेतलं बोलत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात कुजलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. त्या चाऱ्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनमधल्या प्रयोगशाळेत वेगळं केलं गेलं, त्याचा एक भाऊबंद १९४८ साली खरोखरच उंदरांसाठी बाजारात आला. तेच वॉरफरिन. १९५४ साली ते माणसांसाठी मंजूर झालं आणि दुसऱ्याच वर्षी हार्ट अटॅक आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिलं गेलं. मात्रेत औषध, मात्रेबाहेर विष. आणि तुम्हाला लिहून दिलेली गोळी तर ती नव्हेच. अ‍ॅपिक्साबान वेगळ्या घराण्यातलं, बरंच अलीकडचं आहे.

आता गोळी कशाला, ते. वरचा कप्पा नुसता थरथरतो म्हणजे त्यातलं रक्त नीट ढकललं जात नाही. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी चिकटलेली असते. साचलेलं रक्त तिथे गोठतं. गोठताना दुखत नाही, धडधडत नाही, काही म्हणजे काही कळत नाही. ही गुठळी सुटली की महारोहिणीतून वर जाऊन मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकू शकते. एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो तो असा. तुम्हाला ‘काही होत नाही’ याला त्या पिशवीच्या लेखी काडीची किंमत नाही. कितीतरी लोकांना हे दुखणं आहे हे पक्षाघात झाल्यावरच कळतं. तुमचं मोतीबिंदूने उघड केलं, त्याचे आभार माना.

कुणाला गोळी द्यायची याचं आम्ही गुणांवर गणित करतो. मधुमेहाचा एक गुण, रक्तदाबाचा एक, वय ६५ ते ७४चा एक. हृदय कमजोर असेल किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असेल तर आणखी एकेक. आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. तुमचे आजचे तीन झाले आणि दोन किंवा जास्त झाले की गोळी द्यावीच असं मानतात. पुढच्या वाढदिवसाला वयाचे एकाऐवजी दोन धरले जातील, म्हणजे चार. इथे धडधडीला, दम लागण्याला, झोप न लागण्याला एकही गुण नाही, हे बघितलंत का?

ॲस्पिरिनचं ऐका. ते प्लेटलेटवर काम करतं. हृदयाच्या धमनीत अडथळा असेल तिथे उपयोगी, पण या साचलेल्या रक्ताच्या गुठळीपुढे तोकडं पडतं. वॉरफरिनने पक्षाघात सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होतात, ॲस्पिरिनने फार तर पंचमांशाने. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना वॉरफरिन देता येत नव्हतं अशा लोकांमध्ये अ‍ॅपिक्साबान आणि ॲस्पिरिनची थेट तुलना झाली. अ‍ॅपिक्साबानवाल्यांत पक्षाघात निम्म्याहून कमी, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखा. म्हणजे ॲस्पिरिन घेऊन धोका तेवढाच पत्करायचा आणि फायदा सोडून द्यायचा.

पडायची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, पण तिचाही हिशोब १९९९ साली एका संशोधकगटाने मांडून ठेवलाय : पडल्यामुळे डोक्यात होणाऱ्या रक्तस्रावाच्या भीतीने वॉरफरिन टाळणं शहाणपणाचं ठरायला माणसाला वर्षात सुमारे २९५ वेळा पडावं लागेल. तेव्हा गोळी थांबवण्यापेक्षा न्हाणीघरात धरायला कडी बसवा, रात्री दिवा ठेवा.

आता मुलासाठी दोन गोष्टी. ही गोळी बारा तासांत ओसरते, म्हणून एखादी चुकणंही महागात पडतं. औषध संपायची वाट न बघता आठवडाभर आधी आणा. आणि वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन व हिमोग्लोबिन तपासा, कारण गोळीची मात्रा मूत्रपिंडावर, वयावर, वजनावर ठरते. (‘रक्त पातळ’ हा शब्दही फसवा आहे. रक्त पाण्यासारखं होत नाही, गोठायला वेळ लागतो इतकंच.) एक अपवाद सांगून ठेवते : संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप असेल, तर तिथे अजूनही वॉरफरिनच लागतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासत.

प्रश्न : वय ४२. मनगटावरच्या स्मार्टवॉचने रात्री दोनदा ‘लय अनियमित, एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता’ असं दाखवलं. दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी मद्य जास्त झालं होतं. हॉस्पिटलात लगेच पळायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे कसं ठरवायचं?

उत्तर : आधी घड्याळाबद्दल. १९०३च्या सुमारास लायडनमध्ये विलेम आइंटहोव्हेन यांनी ईसीजीचं यंत्र बांधलं तेव्हा त्याचं वजन सुमारे २७० किलो होतं, चालवायला पाच माणसं लागत आणि पेशंट मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत हात-पाय बुडवून बसायचा. १९०६ साली त्यांनी याच बेताल नाडीचा आलेख छापला. तेच काम आता तुमचं मनगट करतंय, तेव्हा त्याला उडवून लावू नका. फक्त हिरव्या दिव्याने आपोआप दिलेला इशारा आणि तुम्ही बोट ठेवून काढलेली ३० सेकंदांची पट्टी यांत फरक आहे. इशारा म्हणजे शंका. पट्टी डॉक्टरांनी वाचली तर तो पुरावा. पुन्हा झालं की पट्टी काढा आणि जपून ठेवा.

आता पळायचं कधी. तोंड एका बाजूला ओघळलं, हात उचलला जात नाही, बोबडं किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं, एका डोळ्यापुढे अचानक पडदा आला, तर त्याच मिनिटाला रुग्णवाहिका. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरीही. ते ‘बरं वाटलं’ म्हणजे पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि तो वेळ शेवटचं ठीक असल्यापासून मोजतात. म्हणून घरच्यांनी पहिली गोष्ट घड्याळ बघावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली तेही सांगावं.

छातीत दाबल्यासारखं दुखणं थांबत नसेल, बसल्याजागी धाप लागत असेल, आडवं पडवत नसेल, शुद्ध हरपली असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तरीही रात्र बघायची नाही. एखादा पाय किंवा हात एकाएकी दुखून पांढरा, गार पडला तरीही नाही, कारण गुठळी दर वेळी मेंदूकडेच जाते असं नाही. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

यातलं काहीच नाही, तुम्ही नीट बोलताय, चालताय, पण नाडी पागोळ्यांसारखी आणि हे पहिल्यांदाच होतंय? तर त्याच दिवशी ईसीजी. विश्रांती घेऊनही ठोके १२०च्या वर राहत असतील तर ‘दिवशी’ शब्द काढून टाका आणि तासाभरात निघा. आधीच निदान झालेलं असेल, गोळ्या चालू असतील आणि ओळखीची फडफड थोडा वेळ येऊन गेली असेल, तर नोंद करा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना कळवा. त्यासाठी मध्यरात्री उठायची गरज नाही.

कधी सुरू झालं त्याची वेळ लिहून ठेवा, हे मी पोटतिडकीने सांगते. सुरुवात नक्की ठाऊक असेल आणि चोवीस तास उलटले नसतील, तर डॉक्टर हलका विजेचा झटका देऊन लय ताबडतोब जागेवर आणायचा विचार करू शकतात. वेळ माहीत नसेल तर आत गुठळी बसलेली असू शकते आणि लय सुधारताक्षणी ती बाहेर फेकली जाईल. मग आधी तीन आठवडे रक्त पातळ करायची गोळी, किंवा अन्ननलिकेतून इको करून कप्पा रिकामा असल्याची खात्री. माझ्या वेळी मलाही विचारलं, कधीपासून? मी ‘दोन आठवडे असेल’ म्हटलं. एरवी पेशंटने असं उत्तर दिलं की मी कपाळाला आठी घालते. तीन आठवडे थांबावं लागलं, धाप लागतच होती.

मद्याचं तुम्हीच ओळखलंय. सुट्टीत जास्त पिऊन लय बिघडवून येणाऱ्यांसाठी डॉक्टरांनी १९७८ सालीच ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव ठेवलं. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नियमित पिणाऱ्या पेशंटांना दोन गटांत वाटलं. सहा महिन्यांत, न सोडणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांची लय पुन्हा बिघडली, सोडायला सांगितलेल्यांपैकी ५३ टक्क्यांची. जादू नाही, पण एका गोळीइतका फरक आहे आणि तो तुमच्या हातात आहे.

प्रश्न : आईला (६९, रक्तदाब) शॉक देऊन लय ठीक केली. सहा महिने नाडी घड्याळासारखी आहे. आता रक्त पातळ करायची गोळी बंद करता येईल ना?

उत्तर : नाही. शॉकनंतरचे चार आठवडे तर ती सगळ्यांनाच लागते आणि पुढे ती चालू ठेवायची की नाही हे लयीवर नाही, वर सांगितलेल्या गुणांवर ठरतं. आईंचे वय आणि रक्तदाब धरून दोन होतात. २००२ साली चार हजारांहून जास्त पेशंटांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. लय सुधारायची की ती तशीच ठेवून फक्त वेग आवरायचा, असा प्रश्न होता. ज्यांना पक्षाघात झाले त्यांतले बहुतेक जण वॉरफरिन थांबवलेले किंवा अपुरं घेणारे निघाले, गट कुठलाही असो. लय ठीक दिसते म्हणून गोळी सोडायची, हाच तो सापळा.

अ‍ॅब्लेशननंतरही हेच. फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी ठिणगी पडते हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवलं, तेव्हापासून ती जागा जाळून किंवा गोठवून वेगळी करतात. अनेकांना त्याने खूप आराम पडतो. मलाही पडला. पण झोपेत दोन तास लय बिघडून परत आली तर आपल्याला कळणारही नाही. माझी गोळी चालू आहे. आधी गुण मोजायला ज्यांना शिकवलं त्यांच्याकडून मी माझेही मोजून घेतले.

प्रश्न : दाढ काढायची आहे. गोळी चार दिवस बंद ठेवू का? दुखण्यासाठी घरातली डायक्लोफेनॅक चालेल?

उत्तर : स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. एखादी दाढ बहुतेक वेळा गोळी चालू ठेवून, किंवा त्या सकाळची मात्रा मागेपुढे करून काढतात. दंतवैद्य आणि तुमचे डॉक्टर फोनवर बोलून ठरवतील. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन दोन्ही नकोत, या गोळीसोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल घ्या. शौचाला डांबरासारखं काळं झालं, किंवा डोक्यावर आपटलात, तर वरवर ठीक वाटलं तरी हॉस्पिटल.

प्रश्न : यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, गोळ्या वेळेवर घेतात, तरी महिन्यातून दोनदा त्रास होतोच. रात्री मोठमोठ्याने घोरतात, मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि मग दचकून घोरणं सुरू होतं. याचा काही संबंध असेल का? डॉक्टरांना सांगायला हे लाजतात.

उत्तर : असू शकतो, आणि चांगलाच. झोपेत श्वास अडला की रक्तातला प्राणवायू घसरतो, वरच्या कप्प्यांवर ताण येतो आणि गोळ्या असूनही लय बिघडत राहते. झोपेची तपासणी करून घ्या. वजन जास्त असेल तर तेही उतरवायला लागा, दहा टक्के उतरलं तरी लय बिघडण्याचं प्रमाण कमी होताना दिसतं. आणि ते लाजत असतील तर तुम्ही बोला. आज रात्री श्वास थांबला की फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर लावून दाखवा.